जळगावात दोन दिवस: आधी महिना बघा, मग घड्याळ

अजिंठ्याला जायचं म्हणून जळगाव स्टेशनावर उतरायचं, बाहेर गाडी ठरवायची, संध्याकाळी स्टेशनावर परत येऊन वडापाव खायचा आणि रात्रीच्या गाडीने निघून जायचं. पुण्या-मुंबईची बहुतेक मंडळी जळगाव असंच बघतात आणि वर 'गावात काही नाही हो' असं सांगतात. गावात बरंच काही आहे, पण ते चोवीस तास आणि बारा महिने मांडून ठेवलेलं नसतं. भरीत थंडीत, मांडे आणि रस आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), मनुदेवीचा धबधबा श्रावणात, रथ कार्तिकी एकादशीला. दिवसाचंही तसंच. सकाळी नऊपर्यंत तलाव आणि झाडी, दुपारी छताखाली, संध्याकाळी जुनं गाव. हा क्रम उलटा केला की खानदेशाचं ऊन माणसाला हॉटेलच्या खोलीत कोंडून ठेवतं आणि दोष गावाला लागतो.

म्हणून सुरुवात महिन्यापासून. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा सगळ्यात चांगला काळ. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी लागत नाही. मार्चपासून ऊन चढतं आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत आलात तर सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच एवढा वेळ हिशोबातून वजाच करा. तरी मे महिन्यात येणाऱ्याला अगदी वेडं म्हणता येणार नाही, कारण रस आणि खापराची पुरणपोळी तेव्हाच. जुलै ते सप्टेंबर सातपुडा हिरवा असतो, पण डोंगराच्या नाल्यांना अचानक पूर येतो. त्याबद्दल पुढे.

मुंबईहून रेल्वेने अंतर साधारण ४२० किलोमीटर, गाडीप्रमाणे सहा ते आठ तास. रात्रीच्या गाडीने निघालात की पहाटे पोचता आणि पहिली सकाळ वाया जात नाही. मुंबई–नागपूर मुख्य मार्ग आणि सुरतेकडून येणारा मार्ग जळगावात एकत्र येतात, त्यामुळे गुजरातकडूनही थेट गाड्या आहेत. जळगावचं तिकीट मिळालं नाही तर भुसावळचं बघा. ते २५ किलोमीटरवर आहे आणि तिथे थांबणाऱ्या गाड्या जास्त. रिक्षा मीटरवर चालेल असं धरून बसू नका, भाडं बसण्याआधी ठरवा. स्टेशनाच्या दारातल्या रिक्षापेक्षा शंभर पावलं पुढे रस्त्यावरची रिक्षा स्वस्त पडते. हे सगळ्याच गावांत खरं आहे, इथे जरा जास्तच.

पहिली सकाळ: तलाव किंवा लांडोरखोरी

मेहरूण तलाव शहराच्या अंगाला लागून आहे. पावसाळा संपता संपता तो भरलेला असतो, थंडीत काठावर पाणपक्षी दिसतात, उन्हाळ्यात पाणी खूप आत सरकतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये तलाव बघायला जाऊन निराश होऊ नका. साडेसहाला पोचा, काठाने चाला, आठपर्यंत निघा. मेहरूणचं दुसरं नाव बोरांसाठी आहे. मेहरूणची बोरं म्हणून जी जात ओळखली जाते ती इथलीच. डिसेंबर अखेरीपासून बाजारात येते. बोर घेताना फार पिवळंधमक आणि गुळगुळीत निवडू नका. किंचित लाली चढलेलं, दाबल्यावर थोडं दबणारं गोड निघतं. हिरवं घेऊन घरी पिकवू म्हणाल तर ते पिकत नाही, सुरकुततं.

तलावापेक्षा झाडी आवडत असेल तर मोहाडी रस्त्यावर वनखात्याचं लांडोरखोरी उद्यान आहे. नावातच लांडोर आहे आणि मोर-लांडोर खरोखर दिसतात, मात्र उन्हं वर यायच्या आत. फिरायला आलेल्यांची गर्दी वाढली आणि मोबाइलवर गाणी वाजायला लागली की पक्षी आत सरकतात. मुलं बरोबर असतील तर संध्याकाळसाठी काव्यरत्नावली चौकाजवळचं भाऊंचं उद्यान ठेवा. चौकाचं नाव वाचून पाहुणे थबकतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नारायण नरसिंह फडणीसांनी 'काव्यरत्नावली' हे कवितेला वाहिलेलं मासिक याच गावातून काढलं, त्याची ही आठवण. मासिकाच्या नावाचा चौक महाराष्ट्रात किती गावांत आहे, ते शोधून बघा.

उन्हाची वेळ: गांधीतीर्थ

जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ शहराबाहेर शिरसोली रस्त्याला आहे. भवरलाल जैन यांनी उभारलेल्या या संग्रहालयाचं उद्घाटन २५ मार्च २०१२ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. त्या जळगाव जिल्ह्याच्याच, त्यामुळे घरचंच कार्य म्हणायला हरकत नाही. दालनांमधून फिरताना कानाला लावायचं यंत्र मिळतं, ते मराठीत लावून घ्या. जिथे उभे राहाल तिथली माहिती कानात सुरू होते. चूक इथेच होते: लोक दालनं धावत ओलांडतात, निवेदन मध्येच तुटतं, मग कंटाळून यंत्र गळ्यात लटकवून बाहेर पडतात. किमान दोन तास हवेत, मुलं प्रश्न विचारणारी असतील तर अडीच. सकाळी साडेदहा-अकराला आत गेलात की ऐन उन्हाची वेळ थंड इमारतीत निघून जाते. आठवड्याची सुट्टी आणि वेळा निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. शहरापासून आत आहे, बंद दारावरून परत यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. रिक्षा केलीत तर येण्या-जाण्याची आणि थांबण्याचीच ठरवा, परतीची रिक्षा तिथे उभी नसते.

गांधी आणि हा जिल्हा यांचं नातं संग्रहालयापुरतं नाही. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पुढे सातपुड्याकडे जाताना फैजपूर वाटेतच लागतं.

दुपारी जेवून झोपा. हे गमतीने सांगत नाही. बाजारपेठेतली जुनी दुकानंही दुपारी सुस्तावतात आणि त्या वेळी गावात भटकणारा माणूस बहुधा पाहुणाच असतो.

संध्याकाळ: जुनं जळगाव, मग सराफा

पाच वाजता जुन्या जळगावात शिरा, गाडी बाहेर ठेवून पायी. इथल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंचा संसार झाला. जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जवळच्या आसोद्याला, मृत्यू ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या ओव्या मुलाने आणि त्याच्या मावसभावाने टिपून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. आता उत्तर महाराष्ट्र विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. वाड्यात त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. मोठं दालन, तिकीटखिडकी असली अपेक्षा ठेवू नका. तो राहत्या वस्तीतला वाडा आहे, चपला काढून, हळू बोलत बघायची जागा. फोटो काढण्याआधी विचारावं.

तिथून श्रीराम मंदिर पायी अंतरावर. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून इथे रोज रात्री वेगवेगळ्या वाहनांवर देव निघतात आणि कार्तिकी एकादशीला रथ. ही परंपरा अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केली. रथ ओढण्यापेक्षा तो वळवणं आणि थांबवणं अवघड. ते काम 'मोगरी' लावणाऱ्यांचं. रथाला ना स्टिअरिंग ना ब्रेक, त्यामुळे धावत्या चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवून त्याची दिशा बदलतात. रथ बघायला गेलात तर मूर्तीबरोबर या माणसांकडेही बघा. एवढं अवजड धूड गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना सगळा श्वास त्यांच्या हातात असतो. चाकाच्या पातळीला, रस्त्यावर उभं राहू नका, एखाद्या ओट्यावर जागा धरा. रथाच्या दिवशी रथमार्गावरची दुकानं आणि वाहतूक धरून चालू नका.

सराफ बाजार सुभाष चौकाच्या बाजूला. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात आणि लग्नसराईत विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंतची गिऱ्हाइकं इथे येतात. फक्त बघायला गेलात तरी कोणी हाकलत नाही, पण विकत घ्यायचं असेल तर तीन गोष्टी कागदावर मागा: त्या दिवसाचा भाव कोणत्या कॅरेटचा, घडणावळ टक्क्यांत की ग्रॅममागे, आणि मोडीला दिलं तर घट किती. स्वस्त भाव सांगून घडणावळ चढवणं ही सगळ्यात जुनी युक्ती. दागिन्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की दागिना कोणत्या प्रकारचा म्हणून नोंदला आहे ते दिसतं. अंगठीवरचा क्रमांक टाकल्यावर ॲप 'बांगडी' म्हणत असेल तर उठून या. खडे जडवलेल्या दागिन्यात खड्यांचं वजन सोन्यातून वजा केलंय का ते बिलावर बघा.

खाणं, आणि विशेषतः भरीत

शेवभाजीपासून सुरुवात करू, कारण ती बारा महिने मिळते. काळ्या मसाल्याचा, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा रस्सा, वर तर्री आणि त्यात जाड तिखट शेव. पाहुण्यांची चूक एकच: भाजी आली की फोटो काढत बसतात आणि शेवेचा लगदा होतो. शेव वेगळ्या वाटीत मागा, घासापुरती टाका. तिखटाची सवय नसेल तर ऑर्डर देतानाच 'मिडियम' सांगा. नंतर रश्श्यात पाणी घालून घेतलंत तर तिखट तेवढंच राहतं आणि चव तेवढी जाते.

वरण-बट्टी मागवली तर राजस्थानी बाटीची वाट बघू नका. गव्हाच्या रवाळ पिठात ओवा, जिरं, हळद, तेलाचं मोहन घालून गोळे उकडतात, गार झाल्यावर कापतात आणि तळतात. सोबत तुरीचं घट्ट वरण, वांग्याची घोटलेली भाजी आणि तूप. मऊ निघाली तर समजा गरम असतानाच कापली. लग्नाच्या पंगतीत हेच जेवण असतं, म्हणून दुपारी खाल्लंत तर संध्याकाळचा कार्यक्रम हलका ठेवा.

आता भरीत. भरताची वांगी म्हणजे जांभळी नव्हेत. हिरवी, पांढुरक्या रेघांची, लांबट आणि मोठी. एकेक पाव ते अर्धा किलोचं. बामणोद आणि आसोद्याकडच्या वांग्यांना विशेष मागणी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि तिथून शेतावरच्या भरीत पार्ट्या सुरू होतात, त्या फेब्रुवारीपर्यंत. ओळखीच्या शेतावर बोलावणं आलं तर बाकी सगळा बेत रद्द करून जा. ओळख नसेल तर हिवाळ्यात शहरात ठिकठिकाणी भरीत सेंटर लागतात. तिथे किलोच्या भावाने तयार भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या मिळतात. ऑर्डर सकाळीच द्या, रविवारी तर आदल्या दिवशी.

स्वतः करायचं ठरलं तर दहा माणसांना हा अंदाज: वांगी ५ किलो, हिरव्या मिरच्या २०० ग्रॅम, लसूण १०० ग्रॅम, कांद्याची पात १ किलो, शेंगदाणे २०० ग्रॅम, तेल ३०० ते ४०० मिलिलिटर, कोथिंबिरीची मोठी जुडी, सुक्या खोबऱ्याचे काप मूठभर, मीठ. हळद नाही, गरम मसाला नाही, टोमॅटो तर नाहीच. ५ किलो ऐकून दचकू नका. साल, देठ आणि उडालेलं पाणी वजा जाता हाती तीन-सव्वातीन किलो राहतं.

वांगी उचलून बघा. आकाराच्या मानाने हलकं असेल ते घ्या. जड आणि टणक वांग्यात बी भरलेलं असतं आणि एक बियाळ वांगं सगळ्या भरताला कडवटपणा देतं. प्रत्येकाला सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटतं. जमिनीवर तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा थर, त्यावर वांगी एकमेकांना न चिकटता, वरून पुन्हा काड्या, आणि पेटवा. या काड्यांचा जाळ भडकतो आणि लवकर बसतो. भरताची खरी चव त्या धुरकट भडक्यात आहे, लाकडी कोळशावर ती येत नाही. दहा-बारा मिनिटांत वांगी फिरवावी लागतात आणि आणखी काड्या घालाव्या लागतात. झालं की नाही ते पोटाशी दाबून ठरवू नका, पोट आधी मऊ होतं. देठाजवळ दाबा. तिथे बोट सहज आत गेलं तरच काढा. देठाकडचा भाग कच्चा राहिला तर ठेचताना गाठी राहतात, आणि भरीत बिघडण्याचं सगळ्यात सामान्य कारण हेच.

सोलताना वांगी पाण्यात बुडवू नका, चव पाण्यात जाते. हात पाण्यात बुडवत सोला. झाकूनही ठेवू नका, वाफेचं पाणी सुटून भरीत पचपचीत होतं. मिरच्या आणि लसूण त्याच निखाऱ्यावर किंचित भाजून मिठाबरोबर आधी ठेचायच्या, मग वांगी. ठेचायला लाकडी भांडं आणि लाकडी दांडा. मिक्सर लावलात तर चटणी होईल, भरतात तंतू दिसले पाहिजेत. शेवटी मोठ्या कढईत तेल तापवून शेंगदाणे आणि खोबरं तांबूस परता, चिरलेली पात टाकून एकच मिनिट हलवा, मग ठेचलेलं वांगं घाला. पाच मिनिटं परतून वर कोथिंबीर. पात जास्त शिजली की काळपट पडते आणि पाणी सोडते.

सोबत कळण्याची भाकरी: १ किलो ज्वारीला पाव किलो सालीचे काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून साध्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा थापायला सोपी. कच्चा कांदा, मुळा, ताक. पार्टीत पुऱ्याही असतात, पण भरताला भाकरीच शोभते. हे मत आहे, यावर वाद होतात.

मांडे म्हणजे खापराची पुरणपोळी. बारीक दळलेल्या गव्हाची सैल कणीक, त्यात पुरण, आणि पोळी पोळपाटावर न लाटता हातांवर फिरवत मोठी करत नेऊन उलट्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर. माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात. करणाऱ्या बायका ऑर्डरप्रमाणे करून देतात, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं. कुरियरने पुण्याला मागवायचा मोह टाळा. गार झालेला मांडा ओल्या कागदासारखा लागतो.

दुसरा दिवस: अजिंठा, पण जळगावातून

जळगावात मुक्काम करण्याचा खरा फायदा इथे कळतो. संभाजीनगरहून निघालेल्या गाड्यांना शंभरेक किलोमीटर कापून यावं लागतं, त्या साडेदहा-अकराला पोचतात. जळगावपासून अंतर जेमतेम ६० किलोमीटर, सवा ते दीड तास. साडेसातला निघालात तर लेण्यांची दारं उघडताना, नऊ वाजता, तुम्ही आत असता. सोमवारी लेणी बंद, हे पहिल्यांदा तपासा. फर्दापूरच्या फाट्यावर स्वतःची गाडी ठेवून तिथल्या बसने पुढचे चारेक किलोमीटर जावं लागतं. परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच विचारा.

पहिला तास क्रमांक १ आणि २ ला द्या, गट यायच्या आत. पद्मपाणि पहिल्या लेण्यात, गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला. आत गेल्यावर लगेच भिंती बघायला धावू नका. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला तीन-चार मिनिटं लागतात, त्याआधी चित्रं काळपट डागांसारखी दिसतात. 'काहीच दिसलं नाही' म्हणणारे बहुतेक या तीन मिनिटांआधी बाहेर पडलेले असतात. मग १६ आणि १७. त्यानंतर सरळ शेवटी २६, निजलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती तिथे. परत येताना ९ आणि १०. क्रमांक हे फक्त वाटेच्या ओळीने दिलेले आहेत, ही दोन चैत्यगृहं सगळ्यात जुन्यांपैकी. दहाव्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली कोरलेलं आपलं नाव आहे. लेण्यांच्या भिंतींवर नाव कोरायची खोड आपल्याच लोकांची असं समजू नये.

चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात. झटकन निघणाऱ्या घाला आणि मोजे ठेवा, दुपारी दगड पोळतो. मोबाइलचा फ्लॅश घरूनच बंद करून या. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात, खाऊ बॅगेच्या तळाशी. गुडघे दुखणाऱ्यांसाठी पायथ्याशी डोली मिळते, भाडं आणि कुठपर्यंत नेणार ते दोन्ही आधी ठरवा. दोनपर्यंत सगळं आटोपतं आणि पाचच्या आत जळगाव.

अजिंठा आधी झालेला असेल तर

मुक्ताईनगर–चांगदेव–हतनूर ही फेरी करा. भुसावळमार्गे मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद. कोथळीला मुक्ताबाईंचं जुनं मंदिर, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं काळ्या दगडाचं हेमाडपंती मंदिर. चौदाशे वर्षांचा योगी आणि त्याची चिमुरडी गुरू यांच्या जागा अशा जवळजवळ आहेत. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा असते. शांतपणे बघायचं असेल तर ती तारीख टाळा, यात्राच बघायची असेल तर साधा. हतनूर धरणाचं पाणी संगमापर्यंत मागे पसरलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत त्या फुगवट्यावर परदेशी बदकं उतरतात. दुर्बीण न्या, पांढरे-लाल कपडे नको, आणि सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात.

परतताना सावदा–फैजपूरकडून आलात तर दोन्ही बाजूंना केळी. शेतात शिरायचं तर मालकाला विचारून, आणि जुने कपडे घालून. केळीच्या चिकाचा डाग आधी दिसत नाही, वाळला की तपकिरी होतो आणि कोणत्याही साबणाने जात नाही. काढणी सकाळी चालते: एक जण घड कापतो, दुसरा खांद्यावर झेलतो, मग फण्या सुट्या करून धुतात. घड जमिनीला टेकू देत नाहीत, कारण आज न दिसणारा मार पिकल्यावर काळा डाग होऊन दिल्लीच्या बाजारात दिसतो. वेफर घ्यायचे तर समोर तळणाऱ्याकडून, जिथे कच्चं केळं थेट कढईवरच किसणीने पाडतात. काप आधी करून ठेवले की काळे पडतात.

आणखी एक दिवस असेल तर रेल्वेने चाळीसगाव. मुख्य मार्गावरच आहे. स्टेशनाजवळ केकी मूस यांचं घर आणि कलासंग्रह. १९१२ ते १९८९ हे त्यांचं आयुष्य, आणि त्यातली कित्येक दशकं हा चित्रकार-छायाचित्रकार घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. टेबलावर मांडलेल्या छोट्या वस्तूंमधून त्यांनी उभी केलेली दृश्यं बघताना छायाचित्र की चित्र असा घोटाळा होतो. तिथून १८ किलोमीटरवर पाटणादेवी, गौताळा अभयारण्यात. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे मठ काढला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळालं, असं इथला शिलालेख सांगतो. हा चांगदेव वेगळा, संगमावरचा नव्हे, गोंधळ करू नका. पाटण्याहून पितळखोऱ्याची लेणी वरच्या अंगाला आहेत, पण जंगलातून वाटाड्याशिवाय चढू नका. कन्नडकडून रस्त्याने जाणं सरळ पडतं.

पावसाळ्यात लोक मनुदेवीला जातात, यावल तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत. मंदिराशेजारीच कड्यावरून धबधबा पडतो. तिथे एकच नियम: वर डोंगरात ढग काळे दिसत असतील तर खाली ऊन असलं तरी नाल्यात उतरायचं नाही. पाऊस तुमच्यावर पडत नसतो, वर पडत असतो, आणि पाणी दहा मिनिटांत गुडघ्यावरून कमरेवर येतं. पाणी गढूळ झालं, त्यात पाला-काटक्या वाहायला लागल्या की लगेच काठावर. श्रावणातल्या रविवारी वाटेत गाड्यांची रांग लागते, मधला वार निवडा.

एरंडोलजवळचं पद्मालय अर्ध्या दिवसात होतं. एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या, आणि समोर कमळांचं तळं. कमळं बघायची तर सकाळी जा, उन्हं चढली की मिटतात. अंगारकीला जाऊ नका, तळंही दिसत नाही, फक्त माणसं. अमळनेरचं मंगळग्रह मंदिर तर मंगळवार सोडून कधीही.

परतीच्या सामानात काय? केळीचे वेफर, कळण्याचं पीठ, ज्वारीच्या बिबड्या (पापड). बिबड्या हाताच्या पिशवीत, सुटकेसमध्ये घातल्या तर घरी चुरा पोचतो. जानेवारीत आलात तर भरताची चार वांगी आणि मेहरूणची बोरंही मावतील, फक्त बोरं वरच्या अंगाला ठेवा.